एक धडा मुळापासून कसा शिकावा

रात्रीतून पाच धडे 'संपवायचे' असतील तर ही पद्धत तुमच्या कामाची नाही. लातूरला मी बारा वर्षं भूगोल शिकवतो. दरवर्षी पाच रंगांत रंगवलेली पुस्तकं घेऊन मुलं येतात, आणि प्रश्न जरा फिरवून विचारला की गप्प होतात. मेहनत खरी असते, दिशा चुकलेली असते.

उदाहरणाला आपल्याच मातीतला धडा घेऊ: भूकंप.

१. धडा एकदा सलग वाचा. हातात पेन नको, हायलायटर तर नकोच.

२. मथळ्यांचे प्रश्न करा. 'भूकंपाची कारणे' हा मथळा झाला. 'दख्खनचं पठार स्थिर म्हणतात, मग ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी का हादरली?' हा प्रश्न झाला. असे पाच पुरेत.

३. पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर उत्तर लिहा. सगळी अडचण इथेच आहे.

मी स्वतः इथेच अडलो होतो. एका मुलाखतीत मला विचारलं, "किल्लारीचा भूकंप सहाच्या थोडा वरचा. तेवढ्यात एवढी माणसं का गेली?" पहाटेची ३:५६ ही वेळ, जवळपास दहा हजार मृत्यू, सगळं मला पाठ होतं. 'का' मात्र माहीत नव्हतं. औसा तालुक्यातल्या आमच्या घरावर माळवद, म्हणजे मातीचं जड सपाट छप्पर होतं; उत्तर माझ्या डोक्यावरच होतं आणि मला ते दिसलं नव्हतं.

पहिल्या दिवशी कागदावर चारच ओळी उतरतील. हात आपोआप पुस्तकाकडे जाईल. जाऊ देऊ नका. वीस मिनिटं घड्याळ लावून बसा आणि जिथे पेन अडेल तिथे गोल करा. पुस्तक उघडायचं ते त्यानंतर, आणि तेही फक्त त्या गोलांसाठी. एसटी स्टँडवर चेहरा ओळखीचा वाटतो पण नाव आठवत नाही, तसं पुन्हा पुन्हा वाचलेलं पान ओळखीचं होतं. ओळखीचं झालं म्हणजे आलं, असं समजू नका.

"सर, त्यापेक्षा चारदा वाचलं तर?" हे मला दर आठवड्याला ऐकावं लागतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये नेमकं हेच तपासलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

दुसरा सापळा जास्त फसवा आहे: पुस्तकातलीच वाक्यं कागदावर उतरवणं. तीही घोकंपट्टीच. त्यावर माझा एक नियम आहे आणि तो मी सैल करत नाही. घरातल्या कुणालाही कळेल अशा शब्दांत गोष्ट सांगता येईपर्यंत पारिभाषिक शब्द वापरायचा नाही, आणि प्रत्येक 'झालं' नंतर 'कशामुळे?' विचारायचं. किल्लारी का हादरली? भारताचा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो आणि आशियाला रेटतो. तो ताण हिमालयापाशीच थांबत नाही, पठाराच्या पोटातही साचतो. मग तिथेच का? लाव्ह्याच्या थरांखाली खडकात जुन्या भेगा आहेत, त्यातली एक सरकली. एवढी हानी का? केंद्र उथळ होतं, लोक झोपेत होते, आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व माळवदाचं वजन अंगावर आलं. शिवाय तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, म्हणून तयारीही नव्हती.

ही साखळी स्वतः जोडली की आकडे वेगळे पाठ करावे लागत नाहीत, ते साखळीला धरून राहतात. पहिल्या धड्याला तीन दिवस गेले तरी जाऊ द्या. माझ्याकडची बहुतेक मुलं दुसऱ्या दिवशी हे सोडून देतात, कारण कोरा कागद बघून आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. तेव्हा सोडू नका, कळकळीने सांगतो. ते गोल म्हणजेच तुमचा खरा अभ्यासक्रम.

४. दोन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा कोरा कागद घ्या. दर वेळी दहा मिनिटं.

५. कुणाला तरी समजावून सांगा. वर्गमित्र नको, तो समजल्यासारखी मान डोलावतो. मी आईला सांगितलं होतं. तिने ती पहाट अनुभवलेली. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बाबा, कुडाच्या झोपड्या कशा उभ्या राहिल्या?" मला सांगता येईना. रात्री पुस्तक उघडलं, आणि दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं: हलकं छप्पर आणि लवणाऱ्या काठ्या हादऱ्याबरोबर डोलतात, आणि पडल्या तरी माणूस चिरडत नाही.