घरातल्या घरात चाललेली स्पर्धा

रत्नागिरीतल्या आमच्या आंबाविक्रीच्या संकेतस्थळावर ‘हापूस आंबा ऑनलाइन’ या शब्दांसाठी मी दर हंगामात एक नवे पान लिहीत गेलो आणि तरीही गूगलच्या शोधनिकालांत आम्ही तिसऱ्या पानाच्या वर कधी सरकलो नाही. संकेतस्थळ शोधात कसे दिसते हे दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोल या साधनाच्या ‘परफॉर्मन्स’ अहवालात हे शब्द निवडून ‘पेजेस’ उघडले, तेव्हा त्या एकाच शोधासाठी आमचीच सात पाने आलटून पालटून दिसत असल्याचे लक्षात आले. मोठ्या विक्रेत्यांच्या आधी आम्हीच एकमेकांना मागे खेचत होतो. सर्वाधिक क्लिक मिळणारे पान ठेवून उरलेल्या सहा पत्त्यांवर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे त्या पानाकडे नेणारे कायमचे वळण, लावले (कोणते पान मुख्य हे सांगणारा कॅनॉनिकल टॅग गूगल केवळ सूचना म्हणून घेते, हे मला आधीच्या हंगामात कळून चुकले होते), अंतर्गत दुवे त्याच पानाकडे वळवले आणि साइटमॅपमधून, म्हणजे गूगलसाठीच्या पानांच्या यादीतून, जुने पत्ते काढले. मजकुरात पेटीतील फळांची संख्या, वजन, पिकायला लागणारे दिवस आणि २०१८ साली कोकणातील हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची माहिती घातली. ‘अस्सल’ हा शब्द मात्र अकरा ठिकाणी खोडला. दीड महिन्याने ते पान शोधनिकालांच्या पहिल्या पानाच्या तळाशी आले. नुसत्या ‘हापूस’ या शब्दासाठी आम्ही अजून कुठेच नाही, आणि त्याच्या मागे लागणे मी सोडून दिले आहे.