हिरा दारापाशी नेऊन बघा

इतवारीच्या सराफ्यात काचेवर ठेवलेला कुठलाही हिरा लखलखतो. ती करामत बरीचशी डोक्यावरच्या दिव्यांची असते. म्हणून आधी दुकानदाराला विचारा, अंगठी घेऊन दारापाशी या आणि सावलीच्या उजेडात बघा. थेट उन्हात नको. आपल्या नागपुरी उन्हात चांगला हिराही काळपट दिसतो आणि नुसत्या रंगीत ठिणग्या उडवतो.

आता हिरा सावकाश कलता करा. मधोमध काळं वर्तुळ दिसलं, तर खालचा भाग, म्हणजे पॅव्हिलियन, फार खोल आहे. वरच्या सपाट पैलूच्या, म्हणजे टेबलाच्या, आत कडेने पांढुरकं कडं दिसलं, तर तो फार उथळ आहे.

असं का होतं? हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकवतो त्याचं माप, २.४२, त्यामुळे आत शिरलेला प्रकाश सहज बाहेर पडत नाही. खालच्या पैलूंवर तो लंबापासून सुमारे साडेचोवीस अंशांपेक्षा तिरका आदळला, की पूर्ण परत फिरतो. एका बाजूवरून समोरच्या बाजूवर आणि तिथून वर, तुमच्या डोळ्यांत. खोली चुकली की हा रस्ता मोडतो आणि प्रकाश खालून गळून जातो. मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ मध्ये याचं गणित मांडलं: पॅव्हिलियन ४०.७५ अंश, क्राऊन, म्हणजे टेबलाभोवतीचा वरचा उतार, ३४.५ अंश, टेबल हिऱ्याच्या रुंदीच्या ५३ टक्के. आज थोडं इकडेतिकडे चालतं, पण पॅव्हिलियनमध्ये एखादा अंशही जास्तच होतो.

मग प्रमाणपत्र मागा. नेहमीच्या गोल, म्हणजे ब्रिलियंट, हिऱ्यावर जीआयए ही हिरे तपासणारी अमेरिकन संस्था २००६ पासून कटची, म्हणजे पैलू किती नीट पाडलेत याची, श्रेणी देते. ‘एक्सलंट’ या सर्वात वरच्या श्रेणीच्या खाली उतरू नये, असं माझं मत. ओव्हल, पेअर हे आकार झाले. आकार वेगळा, कट वेगळा. काउंटरवर या दोन शब्दांची सर्रास सरमिसळ होते.

प्रमाणपत्रावरचा मिलिमीटरचा आकडा मात्र लोक वाचतच नाहीत. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि नीट पैलू पाडलेला एक कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.४ ते ६.५ मिमी रुंद असतो. माझ्या वहिनीने घेतलेला एक कॅरेटचा हिरा ६.१ निघाला. वजन सगळं पोटात. कच्च्या खड्याचं वजन वाया जाऊ नये म्हणून असे खोलगट हिरे पाडले जातात. वजनाचे पैसे तिने पूर्ण मोजले, दिसायला मात्र अंगठी लहानच.

घरी आणल्यावर कणीक मळताना अंगठी काढून ठेवा. हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो आणि मागच्या पैलूंवर थर बसला की उत्तम कटही मलूल दिसतो. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि तो खालच्या बाजूने फिरवायचा.