गूगलला प्रश्न विचारू नका, उत्तरातले शब्द टाका

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. दिवसभर लोकं येतात आणि त्यातली निम्मी तरी अशा कामासाठी येतात जे त्यांच्या खिशातल्या मोबाईलवर पाच मिनिटांत झालं असतं. मी तसं सांगतोपण त्यांना, शेजारचा चहावाला म्हणतोय स्वतःचं गिऱ्हाईक स्वतःच कशाला हाकलायलाईस. असू दे. तेच तेच सांगून घसा बसलाय म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतोय.

परवा कागल साईडचे एक आण्णा आले, सोबत बारावीतला नातू. आण्णांचे वडील वारलेत, शेतावर नाव लावायचंय. पोरगं हुशार, त्यानं आधीच शोधून बघितलेलं, गूगलवर टाकलेलं काय तर "पणजोबा वारल्यावर शेत आजोबांच्या नावावर कसं करायचं". आता ह्याला उत्तर म्हणून आलं काय, वकिलांच्या जाहिराती, कुठल्या तरी दुसऱ्या राज्याचे नियम आणि वीस वीस मिनिटांचे व्हिडिओ, ज्यात पहिली पाच मिनिटं चॅनेल सबस्क्राईब करा म्हणूनच जातात. मी दोनच शब्द टाकले, "वारस नोंद", आणि पुढं "ई-हक्क". सरळ महाभूमीचं, म्हणजे सरकारच्या जमीन नोंदींच्या साईटचं पान आलं, अर्ज तिथूनच भरता येतोय.

ह्यात माझी हुशारी काही नाही. फरक एवढाच की "नावावर करणे" हे आपण बोलतो, तलाठी ऑफिसात तसं कुणी लिहीत नाही. तिथं ते वारस नोंद असतंय, फेरफार असतंय, गाव नमुना 6-क असतंय. आणि गूगल कितीही शहाणं झालं तरी शेवटी कुठंतरी लिहिलेलंच आणून दाखवणार. म्हणून टाइप करायच्या आधी दोन सेकंद थांबायचं आणि विचार करायचा की हे उत्तर कुणी लिहिलेलं असणार आणि त्यानं त्यात कुठले शब्द वापरले असणार. तेच शब्द टाकायचे. "मला सांगा", "प्लीज", "कसं काय" ह्यातलं काही नको, ते उत्तराच्या पानावर नसतंय.

ऑफिसातला शब्द माहीत नसेल तर घरातला जुना कागद काढा. ताईचा डोमिसाईल काढलेला असतोय ना कपाटात, त्याच्या डोक्यावर काय छापलंय वाचा, वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र. झालं, हाच शब्द. वीजबिल, पावती, शाळेचा दाखला, सगळ्यावर खरं नाव वरच्या ओळीत लिहिलेलं असतंय पण आपण फक्त रक्कम बघतोय.

आता काही खुणा आहेत त्या शिकून घ्या, चारच आहेत, आयुष्यभर पुरतात. पहिली अवतरण चिन्हं. दोन-तीन शब्द त्याच क्रमानं एकत्र पाहिजे असतील तर त्यांना अवतरणात टाका, म्हणजे ते शब्द वेगवेगळे विस्कटलेली पानं बहुतेक गळतात. दुसरी वजाची खूण. आमच्या गावात हिचा उपयोग चांगला कळतोय, कारण "महालक्ष्मी कोल्हापूर" टाकलं की देवीपण येते आणि मुंबईची रेल्वेपण येते. दर्शनाची माहिती पाहिजे असेल तर "महालक्ष्मी कोल्हापूर -एक्सप्रेस" असं टाका, वजा आणि शब्द चिकटून, मधे जागा सोडायची नाही. आणि गाडीच पाहिजे असेल तर नावापेक्षा नंबर टाका, 17411, तिथं गोंधळच नाही. वरून गंमत अशी की गावात आपण सगळे अंबाबाई म्हणतो आणि बाहेरचे महालक्ष्मी म्हणतात, म्हणजे एकच नाव टाकलं तर निम्मी माहिती दिसणारच नाही. त्याला तिसरी खूण, दोन शब्दांच्या मधे इंग्रजी कॅपिटलमध्ये ऑर लिहायचं, मग हे किंवा ते, दोन्ही येतंय. जोतिबा आणि ज्योतिबाला पण हेच. मराठीत एकाच नावाचं स्पेलिंग पाच जण पाच तऱ्हेनं लिहितात, ते लक्षात ठेवूनच शोधायचं.

चौथी खूण मला सगळ्यात आवडते, इंग्रजीत साइट लिहायचं, लगेच कोलन, आणि कोलनला चिकटून त्या वेबसाईटचा पत्ता. म्हणजे साइट कोलन जीओव्ही डॉट इन असं टाकून पुढं आपला शब्द टाकला की फक्त सरकारी साईट शोधल्या जातात, दलालांची पानं आपोआप बाजूला. माझ्या भाचीला विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका पाहिजे होत्या, ती आठवडाभर कुठल्या कुठल्या टेलिग्राम ग्रुपवर लोळत होती. शिवाजी विद्यापीठाचा पत्ता कोलनच्या पुढं टाकला, मग विषयाचं इंग्रजी नाव, आणि फाईलटाइप कोलन पीडीएफ, एवढं केलं आणि चहा येईपर्यंत तिचं डाउनलोड सुरू झालेलं. (हो, ही पाचवी खूण झाली. असू दे.)

सरकारी कागद शोधताना एक अडचण येते ती कुणी सांगत नाही. जुन्या पीडीएफ बऱ्याचदा स्कॅन केलेल्या असतात, म्हणजे नुसता फोटोच, नाहीतर युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, जे आपल्याला स्क्रीनवर मराठी दिसतंय पण आतून इंग्रजी अक्षरांचा खिचडा असतोय. तुम्ही कितीही शुद्ध मराठी टाका, सापडणार नाही. अशा वेळी शासन निर्णयाच्या, म्हणजे जीआरच्या साईटवर जायचं आणि विभाग आणि तारीख निवडून यादी काढायची. तिथली अजून एक कामाची गोष्ट म्हणजे संकेतांक. खऱ्या जीआरच्या शेवटी लिहिलेलं असतंय की हा निर्णय वेबसाईटवर उपलब्ध आहे आणि त्याचा संकेतांक अमुक अमुक. व्हॉट्सॲपवर कुणी जीआर म्हणून काही फिरवला की आधी तो लांबलचक आकडा शोधा आणि साईटवर टाकून बघा. आकडाच नसेल, किंवा टाकल्यावर काही येत नसेल तर पुढं पाठवायची घाई नको.

आता तारखेचं. पावसाळ्यात आमच्याकडं सगळ्यात जास्त शोधलं जाणारं म्हणजे "राजाराम बंधारा पाणी पातळी". पंचगंगेवरचा हा बंधारा, 39 फुटाला इशारा, 43 फुटाला धोका, हे इथल्या लहान पोरालापण पाठ असतंय. पण हे टाकल्यावर वर जी बातमी येईल ती आजचीच असेल असं नाही, 2019 ची असू शकते, 2021 ची असू शकते, आणि घाबरलेला माणूस तारीख बघत नाही. गेल्या पावसाळ्यात एक वहिनी दुकानात आल्या, मोबाईल पुढं केला, शिरोलीला हायवेवर पाणी, गाड्या अडकल्यात, आणि ह्यांचा पोरगा पुण्याहून निघालेला. मी म्हटलं थांबा. फोटोवर बोट दाबून धरलं, सेव्ह केला, गूगल लेन्समध्ये उघडला आणि एग्झॅक्ट मॅचेस बघितलं, तर तोच फोटो ऑगस्ट 2019 च्या बातम्यांत. पोरगं तासाभरात घरी पोचलं, हायवे कोरडा ठणठणीत. लेन्स अगदी देववाणी नाही, नवीन फोटो असेल तर कधी कधी काहीच सापडत नाही, पण जुना फोटो नवा म्हणून फिरवलेला बरोबर पकडतंय.

आणि बातमीच शोधायची असेल तर निकाल आल्यावर वरची पट्टी बोटानं शेवटपर्यंत सरकवा, तिथं सर्च टूल्स असतंय, त्यात मागच्या 24 तासांतलं एवढंच निवडा. उलट कधी कधी जुनंच पाहिजे असतंय. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडा ह्या परदेशी कंपनीनं आपल्या चपलेसारखी चप्पल दाखवली आणि तेव्हापासून "कोल्हापुरी चप्पल" टाकलं की तेच येतंय, आमच्या ओळखीच्या एका चप्पलवाल्याला 2019 ला मिळालेल्या जीआय टॅगची (भौगोलिक मानांकनाची) माहिती पाहिजे होती, आपला जिल्हा त्यात आहे का वगैरे. इंग्रजीत बिफोर, कोलन, आणि 2025-06-01 असं पुढं जोडलं, प्राडा गायब. (आहे आपला जिल्हा. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ आहेत.)

पान सापडल्यावर पण लोकं हरवतात. चाळीस पानांची पीडीएफ अंगठ्यानं वर खाली, वर खाली. कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि एफ दाबा, मोबाईलला क्रोममध्ये कोपऱ्यातल्या तीन टिंबांत फाइंड इन पेज आहे. आपलं गाव टाका, थेट त्या ओळीवर नेऊन सोडतंय. स्कॅन केलेल्या पीडीएफला हे चालत नाही, कारण वर सांगितलंच.

आता जरा गंभीर. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर कधीही शोधायचा नाही. कधीही म्हणजे कधीही. माझ्या सख्ख्या मावशीचे पैसे गेलेत असे. कार्ड ब्लॉक झालेलं, तिनं बँकेचं नाव आणि कस्टमर केअर टाकलं, वर आला तो नंबर फिरवला. पलीकडचा माणूस एवढा गोड, मावशी मावशी करत स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला लावलं आणि मग ती जे जे दाबत होती ते सगळं तो बघत होता. अठरा हजार. नशीब धाकटा भाऊ घरात होता, त्यानं लगेच 1930 ला फोन लावला म्हणून काही रक्कम मधेच अडकवता आली. हा 1930 नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा, सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाईन नंबर आहे, आणि जेवढा लवकर कराल तेवढं बरं, उद्या बघू म्हटलं की पैसे चार खाती फिरून गेलेले असतात. बँकेचा खरा नंबर कार्डाच्या मागं छापलेला असतोय, पासबुकावर असतोय. मॅपवरच्या नंबरवरपण डोळे झाकून जाऊ नका, तिथं बदल सुचवायची सोय कुणालाही आहे. आणि निकालात वर स्पॉन्सर्ड लिहिलंय ती जाहिरात, पैसे दिलेत म्हणून वर आली, खरी आहे म्हणून नाही.

पत्ता वाचायची पण सवय लावा. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा भाग बघायचा आणि तो शेवटाकडून वाचायचा. शेवटी जीओव्ही डॉट इन असेल तर सरकारी. जीओव्ही हा शब्द मधेच कुठंतरी असेल आणि शेवट डॉट कॉम, डॉट ऑनलाईन असा असेल तर बाहेर या. सातबाऱ्याला हे फार होतंय, लोकं कुठल्या तरी साईटवर शंभर-दोनशे भरून येतात. महाभूलेखवर सातबारा नुसता बघायला फुकट आहे, पण तो कायदेशीर कामाला चालत नाही, डिजिटल सहीचा पाहिजे असेल तर सरकारी फी 15 रुपये. ह्याच्यावर कुणी घेत असेल तर ती त्याची मजुरी, माझ्यासारखी, आणि ती विचारून द्या.

हल्ली सगळ्यात वर एआयचं तयार उत्तर येतंय. वाचा की, मीपण वाचतो, विषय समजायला बरं पडतंय. पण शेवटची तारीख, फी आणि लागणारी कागदपत्रं ह्या तीन गोष्टी त्याच्यावरून घेऊ नका, खालच्या लिंकवर जाऊन मूळ पानावर बघा.

स्वतःच्याच मोबाईलमधलं शोधायला पण लोकं माझ्याकडं येतात, हे एक नवल. जीमेलच्या शोधपट्टीत इंग्रजीत हॅज कोलन अटॅचमेंट टाकलं की फक्त फाईल जोडलेल्या मेल येतात, सोबत पाठवणाऱ्याचं नाव टाका. मेल येईनात, जागा संपली असं दाखवत असेल तर लार्जर कोलन 10एम टाका आणि मोठ्या मोठ्या बघून उडवा, कारण फुकटची 15 जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून आहे, लग्नाचे व्हिडिओ चढवलेत की मेल बंद. उडवल्यावर ट्रॅशपण रिकामं करा, नाहीतर जागा लगेच सुटत नाही.

कागदपत्रांसाठी डिजिलॉकर, हे सरकारी ॲप आहे. त्यात इश्यूड मध्ये जे येतंय, म्हणजे त्या त्या खात्यानं थेट दिलेलं, ते 2016 च्या नियमानुसार मूळ कागदासारखंच धरतात. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेलं मात्र नुसती झेरॉक्सच समजा. आणि आधार कुठं द्यायचं असेल तर जिथं चालतंय तिथं मास्क्ड आधार द्या, पहिले आठ आकडे झाकलेले, शेवटचे चारच दिसतात. फुकट पीडीएफ छोटी करून देणाऱ्या अनोळखी साईटवर आधार-पॅन चढवू नका, फोनमधल्या गूगल ड्राइव्हच्या स्कॅनमधूनच पीडीएफ होतंय.

राहता राहिलं प्रिंटचं, हे माझ्या स्वार्थाचं. दुकानात यायच्या आधी फाईल व्हॉट्सॲपवर स्वतःच्याच नंबरला पाठवून ठेवा, मेसेज युवरसेल्फ म्हणून असतंय, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गॅलरीतून फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप ते दाबून बारीक करतंय, मग प्रिंटला अक्षरं फुटतात आणि तुम्ही म्हणता मशीन खराब आहे. मशीन चांगलं आहे, मागच्या दिवाळीत घेतलंय.