इलेक्ट्रिशियन व्हायचंय? अप्रेंटिसचं वर्ष सोडू नका

दहावीला गणित-विज्ञान घेऊन पास असाल तर आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला अर्ज करता येतो. कोर्स दोन वर्षांचा. आठवीनंतर शाळा सुटली असेल तर वायरमन ट्रेड आहे, तोही दोनच वर्षांचा. प्रवेश ऑनलाइन होतो, दहावीच्या निकालानंतर अर्जाच्या तारखांवर लक्ष ठेवा.

मी कळव्याहून वागळे इस्टेटच्या सरकारी आयटीआयला जायचो. सुरुवातीला ब्रिटानिया जॉइंट, म्हणजे दोन जाड तारा एकमेकींना लावून वरून बारीक तार गुंडाळायचा जोड, बोटं सोलेपर्यंत बांधले. कंटाळा यायचा. पण ढिला जॉइंट तापतो आणि आग तिथूनच लागते, हे तेव्हाच डोक्यात बसलं.

पास झाल्यावर गल्लीतल्या पोरांनी सांगितलं, "आता बाहेर फिटिंगची कामं घे, लगेच पैसे मिळतील." मी ऐकलं नाही. रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस राहिलो. स्टायपेंड बेताचाच, पण खरा धंदा तिथे शिकलो.

एकदा लाइटचा एमसीबी (सप्लाय तोडणारा स्विच) पाडून बंद केला, फेजला, म्हणजे सप्लाय येणाऱ्या वायरला, टेस्टर लावला, पेटला नाही. निर्धास्तपणे न्यूट्रलचा, म्हणजे परतीच्या वायरचा, जॉइंट सोडवला आणि सणकन शॉक बसला. आधी कुणीतरी दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल त्याच जॉइंटला जोडून ठेवला होता. त्या सर्किटचे दिवे चालू होते. मी जॉइंट तोडल्यावर त्यांच्यातून आलेला सप्लाय सुट्या टोकावर उभा राहिला. आमचे सुपरवायझर काका ओरडले नाहीत. त्यांनी माझ्या हातात टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला तपासणीचा बल्ब) दिला आणि प्रत्येक वायर, न्यूट्रलसुद्धा, अर्थिंगला धरून तपासायला लावली. लॅम्पच बिघडलेला नाही ना हे कळावं म्हणून तपासण्याआधी तो चालू पॉइंटवर पेटवून बघायचा, आणि तपासून झाल्यावर पुन्हा. मी अजून तसंच करतो.

अप्रेंटिसचं ते वर्ष पुरं करून परीक्षा पास झालात की राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. मोठ्या कंपनीत अर्ज करताना ते हाताशी हवंच. पुढे राज्याच्या अनुज्ञापक (परवाने देणाऱ्या) मंडळाकडून वायरमनचा परवाना काढा. सुपरवायझरचं प्रमाणपत्र आणि ठेकेदाराचा परवाना या त्याच्या पुढच्या पायऱ्या. घणसोली-ऐरोलीत बिनपरवाना वायरिंग करणारे भरपूर भेटतील. त्यांच्या हाताखाली कितीही वर्षं काढली तरी तुमच्या नावावर कागद होत नाही.

शिकायची हौस असेल तर आयटीआयवरून इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. माझ्या बॅचचे दोघं त्या वाटेने गेले.