आयर्विनला किती फूट झालं की आपल्या दारात पाणी येतं? क्यूजीआयएसवर आपल्या गल्लीचा पूरनकाशा असा करा

पावसाळ्यात सांगलीत कुणीही कुणाला फोन केला तरी पहिला प्रश्न एकच, आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला, पाणी किती फूट झालं? ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी, हे शाळेतल्या पोरांना पण पाठ आहे, २००५ ला ५३ च्या पुढं गेलेलं, २०१९ ला साडेसत्तावनच्या आसपास, २०२१ ला जवळपास ५५. पण ४८ झालं म्हणजे नेमकं आपल्या गल्लीत काय होणार, आणि बाहेर पडायचा रस्ता त्याच्या आधी बंद होतो का नंतर, असं विचारलं की प्रत्येकजण वेगळं सांगतो. हे उत्तर नकाशावर आणता येतं, साधा लॅपटॉप, फुकटचं सॉफ्टवेअर आणि गल्लीत चार घरी जाऊन विचारायची तयारी असली की झालं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पाणी कुठवर येतं हा फक्त एक थर झाला. त्या पाण्यात कोण आणि काय सापडतं हा दुसरा, आणि सापडलेल्याला वेळेत निघता येतं का हा तिसरा. हे तिन्ही एकावर एक ठेवले की मग खरी जोखीम दिसते. पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा बांधकामाच्या परवानगीसाठी महत्त्वाच्या आहेत, पण रात्री दोन वाजता आजीला घेऊन कुठल्या रस्त्यानं निघायचं ते त्यातनं कळत नाही.

तयारी

क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर डाउनलोड करा, फुकट आहे, एलटीआर म्हणतात ते व्हर्जन घ्या म्हणजे सारखं बदलत नाही. नवीन प्रोजेक्ट उघडला की उजवीकडं खाली कोपऱ्यात क्लिक करून यूटीएम झोन ४३ उत्तर निवडा, कोड ३२६४३, ही जागा मीटरमध्ये मोजायची पद्धत आहे. सांगली सातारा दोन्ही जिल्हे त्यातच बसतात. हे केलं नाही तर अंतरं अंशात येतात, मीटरमध्ये नाही, आणि पुढचं सगळं गणित चुकतं. मग क्विकओएसएम नावाचं प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा भाग) टाकून ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या फुकट नकाशावरनं रस्ते, पूल, इमारती, नाले ओढून घ्या. उपनगरात आणि खेड्यात बरीच घरं त्यात नसतात, ती सॅटेलाइट फोटो मागं ठेवून हातानं काढा, कंटाळवाणं काम आहे पण टाळू नका.

उंचीचा डेटा आणि त्याची मर्यादा

आता बहुतेक ट्युटोरियल सांगतात की डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचं रास्टर (चौकोनाचौकोनात उंचीचे आकडे भरलेला नकाशा) डाउनलोड करा, रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये अमुक उंचीच्या खालचं सगळं निळं करा, झाला पूरनकाशा. डीईएम जरूर घ्या, युरोपच्या कोपर्निकस उपग्रह कार्यक्रमाचा ३० मीटरच्या चौकोनांचा चांगला आहे, इस्रोच्या भुवन वेबसाइटवर कार्टोडीईएम पण मिळतो. पण हे नीट बघा, ४५ ची धोका पातळी आणि २०१९ चा साडेसत्तावन यात फरक साडेबारा फुटांचा, म्हणजे पावणेचार मीटरच्या जरा वर, आणि कोपर्निकस स्वतःच सांगतं की त्यांच्या उंचीत ४ मीटरपर्यंत चूक असू शकते. म्हणजे सांगलीचा अख्खा महापूर त्या चुकीच्या पोटात बसतो! वर हा डेटा जमिनीचा नाही तर वरच्या पृष्ठभागाचा, घरांची छपरं, झाडं सगळं त्यात उंची म्हणून धरलेलं. शिवाय पाणी नदीकडनं सरळ चालत येत नाही, नाल्यातनं मागनं फुगत येतं, त्यामुळं नदीपासून लांब असलेली सखल कॉलनी आधी बुडते आणि नदीजवळचा उंचवटा कोरडा राहतो. म्हणून डीईएम फक्त सखल भाग कुठं आहेत याचा अंदाज घ्यायला वापरा, फुटांचा आकडा त्याच्यावरनं कुणालाही सांगू नका.

फूट मोजायचे ते भिंतीवरनं

सांगलीकडं जे आहे ते फार शहरांकडं नाही, २०१९ ची खूण अजून कितीतरी भिंतींवर आहे आणि पाणी बघितलेली माणसं समोर आहेत. मोबाइलवर क्यूफील्ड ॲप घ्या (क्यूजीआयएसचा प्रोजेक्ट तसाच त्यात उघडतो), एक टेप घ्या आणि घरोघरी जा. उंबऱ्यापासून पाण्याच्या खुणेपर्यंत मोजायचं. समजा ४ फूट भरलं. आयर्विनला तेव्हा साडेसत्तावन होतं, त्यातनं ४ वजा केले, म्हणजे या उंबऱ्याला पाणी साधारण साडेत्रेपन्नला लागतं. आता उंबरा समोरच्या रस्त्यापेक्षा अडीच फूट उंच असला तर रस्त्यावर पाणी ५१ लाच येणार. मग घरातल्यांना २०२१ चं विचारा, तेव्हा ५५ होतं, म्हणजे उंबऱ्यावर दीड फूट यायला पाहिजे. ते पण "हो, मांडीच्या खालपर्यंत आलेलं" असं काही म्हणाले तर तुमचा आकडा पक्का. जुळत नसेल तर मधे भराव पडलाय का, घर उचललंय का, नाला वळवलाय का ते विचारा आणि टिपून ठेवा.

प्रत्येक पॉइंटला एक कॉलम ठेवायचा, पाणी लागायचा फूट. गल्लीत दहाबारा पॉइंट, प्रत्येक चौकात एक, नाल्यावरच्या प्रत्येक मोरीवर एक. मग टिन इंटरपोलेशन (पॉइंट त्रिकोणांनी जोडून मधल्या जागेचा अंदाज काढायची सोय) वापरून त्यांचा पृष्ठभाग करा आणि रंग द्या, ४५ च्या आत, ४५ ते ५०, ५० ते ५५, ५५ च्या वर. इथं नकाशा मीटरमध्ये नाही तर आयर्विनच्या फुटांत बोलतो आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच, कारण बातमीत येणारा आकडा घेऊन घरातलं कुणीही तो थेट वाचू शकतं.

ही वजाबाकी आयर्विनच्या आसपासच्या भागातच चालते. नदीला उतार आहे, त्यामुळं भिलवडी, अंकलखोप, औदुंबरकडं आयर्विनचा आकडा लावू नका, तिथं भिलवडी पुलाची पातळी धरा, ताकारी आणि बहे पुलाची पण रोज येते. हरिपूरला वारणा मिळते, तिच्या काठच्या गावांना चांदोली धरणाच्या विसर्गाचा हिशेब वेगळाच.

पडताळणीला सेंटिनेल-१ या उपग्रहाचे ऑगस्ट २०१९ चे रडार फोटो कोपर्निकस ब्राउझर या वेबसाइटवर बघा. रडार ढगातनं बघतं आणि मोकळं पाणी काळं दिसतं. पण उभ्या उसातलं आणि घरांमधलं पाणी त्याला नीट दिसत नाही, म्हणून काळं नाही म्हणजे कोरडं होतं असं धरू नका.

रस्ता आधी, घर नंतर

आता रस्त्याचा थर. प्रत्येक रस्त्याचा सगळ्यात सखल पॉइंट कितीला बुडतो तेवढंच त्या रस्त्याला लिहा, कारण एक खड्डा भरला की सगळा रस्ता गेला. मग प्रत्येक घरासाठी दोन आकडे शेजारी ठेवा, घरात पाणी कितीला आणि शेवटचा रस्ता बंद कितीला. ज्या घरात पाणी ५४ ला येतं पण रस्ता ४९ ला जातो ते घर लाल करा, कारण ती माणसं "आपल्याकडं अजून लई लांब आहे" म्हणून बसतात आणि मग बोटीशिवाय सुटका नसते. नकाशात दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, पण हे कराच.

तिसऱ्या थरात फक्त कामाचं लिहा: अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का, बाळंतीण, डायलिसिसवालं, वरचा मजला आहे का, वाहन आहे का, आणि जनावरं किती. म्हशी सोडून माणसं निघत नाहीत, २०१९ ला हे सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळं गोठा आणि जनावरं न्यायची उंच जागा नकाशावर पाहिजेच. लाइटच्या डीपी पण टाका. आजारपणाची माहिती मात्र व्हॉट्सॲपवर फिरवायची नाही, ती फाइल वॉर्डातल्या दोनचार जबाबदार माणसांकडंच राहू दे.

साताऱ्यात पाटण, जावळीकडं पुरापेक्षा दरड मोठी, जुलै २०२१ ला आंबेघर, मिरगाव, ढोकावळेत काय झालं ते आठवा. तिथं डीईएमवरनं स्लोप, म्हणजे उतार किती तीव्र आहे ते, काढणं उपयोगाचं आहे, त्यावर ओढे, घाटरस्त्यासाठी फोडलेले उतार आणि गावकऱ्यांनी दाखवलेल्या भेगा टाका, आणि वस्ती तीव्र उताराच्या पायथ्याला ओढ्याच्या तोंडाशी आहे का ते बघा. यावरनं कुठं तपासणी मागायची ते ठरतं, सुरक्षित आहे असा दाखला यावरनं द्यायचा नाही, ते काम भूवैज्ञानिकाचं.

झालेला नकाशा ए-थ्री वर छापा, लॅमिनेट करा आणि मे महिन्यातच मंडळाच्या कट्ट्यावर, रेशन दुकानात, ग्रामपंचायतीत लावा, एक प्रत तलाठ्याकडं आणि एक महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात द्या. पाणी चढायला लागलं की प्रत्येक चौकातल्या एकाला सांगून ठेवा, मोरीला पाणी लागलं की मोबाइलवर वेळेसकट फोटो काढायचा. त्या वेळी आयर्विनला किती होतं ते नंतर बघून त्या पॉइंटचा फूट दुरुस्त करायचा.