देवगडची साइट आणि पाच प्रश्नचिन्हं

मालवणात राहून मी गेली सहा वर्षं वेबसाइट करतो. गिऱ्हाईक बहुतेक तारकर्ली-देवबागचे निवास-न्याहारीवाले आणि देवगडचे आंबा बागायतदार, मधूनच एखादी शाळा. या कामात नव्याने उतरलेली मुलं भेटली की पहिलं विचारतात, वर्डप्रेस घेऊ की दुसरं काही? (वर्डप्रेस म्हणजे साइट बनवायचं आणि त्यात बदल करायचं तयार सॉफ्टवेअर.) मी त्यांना उलटा प्रश्न विचारतो: साइट झाल्यावर त्यात बदल कोण करणार आहे, आणि कशावरून, फोनवरून की कॉम्प्युटरवरून? हे कळलं की सॉफ्टवेअरचं निम्मं उत्तर मिळतं.

माझं पहिलं मोठं काम देवगडच्या एका काकांच्या बागेचं. वर्डप्रेसवर वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचं प्लगिन, म्हणजे जोडायचं जादा सॉफ्टवेअर, चढवून मी त्यांना पूर्ण दुकान करून दिलं, कार्ट, कूपन, ऑनलाइन पेमेंट सगळं. हंगाम सुरू झाला आणि रोज सकाळी फोन यायला लागला, "रेट बदलूचो आसा, कसो बदलू?" एप्रिलमध्ये भाव दर दोन-तीन दिवसांनी हलतो आणि काकांकडे फक्त फोन. शिवाय पाच डझनाची पेटी मागवणारा माणूस आधी बागायतदाराशी बोलतो, आंबा कधी पिकेल ते विचारतो, मगच पैसे पाठवतो. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवरच येत होत्या. पुढच्या वर्षी दुकान काढून टाकलं. एक पान, वर भाव, खाली व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. वर्डप्रेस मात्र ठेवलं, कारण त्याच्या मोबाइल अ‍ॅपमधून काकांना भाव स्वतः बदलता येतो.

तारकर्लीच्या एका ताईंचं अगदी वेगळं. चार खोल्या, फोटो आणि जेवणाचा मेनू, बदल वर्षातून एकदा. तिथे वर्डप्रेस घातलं तर त्याचे आणि प्लगिनचे अपडेट करत बसायचं, नाही केले तर साइट हॅक व्हायची भीती. त्यांना मी साधी एचटीएमएल पानं, म्हणजे मजकूर थेट लिहिलेल्या फाइली, करून दिली. नेहमीच्या स्वस्त होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवर भाड्याने घेतलेल्या जागेत, ती उत्तम चालतात. अशी साधी पानं ठेवायला गिटहब पेजेस फुकट आहे, शिकायला जरूर वापरा, पण ऑनलाइन धंदा चालवण्यासाठी ते नाही हे गिटहबच्या नियमांतच लिहिलेलं आहे.

होस्टिंगबद्दल मी जे शिकलो ते नुकसान सोसून. होस्टिंग स्वस्त मिळतं म्हणून काकांची साइट दुसऱ्या कंपनीकडे हलवली. डेटाबेस, म्हणजे साइटचा मजकूर जिथे साठतो तो कोठा, एक्सपोर्ट केला, नवीन ठिकाणी इम्पोर्ट केला, पान उघडलं. जिथे 'हापूस' होतं तिथे '?????'. मोजून पाच. ह, काना, प, दीर्घ ऊकार, स, प्रत्येकाच्या जागी एक प्रश्नचिन्ह. नवीन डेटाबेसची टेबलं लॅटिन-१ या युरोपीय भाषांच्या अक्षरसंचात तयार झाली होती आणि त्या संचात देवनागरी अक्षरंच नाहीत, म्हणून मायएसक्यूएलने, म्हणजे डेटाबेस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, प्रत्येकाच्या जागी '?' लिहून टाकलं. अक्षरं नुसती दिसत नव्हती असं नाही, ती पुसली गेली होती. सेटिंग बदलून परत येत नाहीत. माझ्या लॅपटॉपवर मूळ एक्सपोर्टची फाइल होती म्हणून वाचलो. म्हणून मराठी साइट करणाऱ्याने होस्टिंग घेतलं की पहिल्याच दिवशी पीएचपीमायअ‍ॅडमिन हे डेटाबेस बघायचं साधन उघडावं, कोलेशन, म्हणजे अक्षरांची मांडणी, यूटीएफ८एमबी४ या देवनागरी सामावणाऱ्या संचाचं आहे ना ते बघावं, आणि एक मराठी वाक्य टाकून, परत वाचून मगच पुढे जावं.

बॅकअप होस्टिंगवाला घेतो, हे वाक्य मी आता कुणाच्या तोंडून ऐकून घेत नाही. एक प्रत लॅपटॉपवर, एक क्लाउडवर. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्याकडे कित्येक ठिकाणी दिवसच्या दिवस वीज नव्हती. तेव्हा घरातल्या प्रतीचा काही उपयोग नव्हता. आणि बॅकअप कधीतरी दुसरीकडे चढवून पाहावा, तो उघडतो हे डोळ्यांनी बघेपर्यंत त्यावर भरवसा ठेवू नये.

बाकी निवडताना मी तीन गोष्टी बघतो. सर्व्हर मुंबईत मिळतो का, कारण आपलं गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट एसएसएल, म्हणजे साइटची जोडणी सुरक्षित ठेवणारं प्रमाणपत्र, आपोआप नवं होतं का, ते थोड्याच दिवसांचं असतं. आणि दुसऱ्या वर्षीचा भाव. जाहिरातीत पहिल्या वर्षीचा असतो, नूतनीकरणाचा बारीक अक्षरात, पुष्कळदा दुप्पट किंवा जास्त. गिऱ्हाइकाला हा दुसराच आकडा सांगायचा.

फोटोंचंही सांगतो, कारण किनाऱ्यावर रेंजची बोंब आहे. ताईंनी पाठवलेला समुद्राचा एक-एक फोटो सहा एमबीचा होता. देवबागात उभं राहून पान उघडलं तर अर्धा समुद्र दिसायचा आणि थांबायचं. रुंदी १२०० पिक्सेलवर आणून वेबपी या हलक्या फोटो-फाइलच्या प्रकारात केले, दीडशे केबीच्या आत बसले. साइट दाखवायला जाल तेव्हा घरच्या वायफायवर नाही, त्यांच्या अंगणात त्यांच्याच फोनवर उघडून दाखवा.

शेवटचं डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं. एका ओळखीच्या बागायतदाराचं डोमेन आधीच्या डेव्हलपरने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. तो पुण्याला गेला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या आणि ऐन मार्चमध्ये, पेट्या सुरू व्हायच्या तोंडावर, साइट बंद पडली. त्या बागायतदाराने छापलेल्या खोक्यांवर तोच पत्ता होता. तेव्हापासून डोमेन मी मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर, मालकाच्या हाताने पैसे भरून घेतो, मग तासभर जास्त बसावं लागलं तरी चालेल. कंपनीचं नाव, लॉगिन आणि नूतनीकरणाची तारीख एका वहीत लिहून देतो. देवगडच्या काकांनी ती वही बागेच्या सातबाऱ्यासोबत कपाटात ठेवली आहे.