डेबियनमध्ये ‘सिड’चे पॅकेज हवे, पण सारी प्रणाली नको

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या स्थिर आवृत्तीवर रोजचे काम करणाऱ्याला एखादे नवे पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा तयार गठ्ठा, कधीतरी ‘सिड’, म्हणजे अनस्टेबल शाखेतूनच घ्यावे लागते. तेवढ्यासाठी सिडचा स्रोत ‘एपीटी’ या पॅकेजे बसवणाऱ्या साधनाच्या यादीत नुसता जोडू नये. कारण दोन्ही शाखांना मुळात 500 हेच प्राधान्य (आकडा मोठा तशी पसंती अधिक) मिळते, मग वरची आवृत्ती निवडली जाते आणि पुढच्या अपग्रेडला जवळजवळ सगळी प्रणालीच सिडवर जाऊन बसते.

म्हणून आधी ‘ईटीसी’ फोल्डरातील ‘एपीटी’मध्ये ‘प्रेफरन्सेस.डी’ येथे एक फाइल करावी. तिच्यात ‘पॅकेज: *’, ‘पिन: रिलीज ए=अनस्टेबल’ आणि ‘पिन-प्रायॉरिटी: 100’ या तीन ओळी, अर्थातच रोमन लिपीत, लिहाव्यात. यामुळे सिडमधून मुद्दाम घेतलेल्या पॅकेजला तिथूनच सुधारणा मिळत राहतात, स्थिर शाखेतली पॅकेजे मात्र जागची हलत नाहीत. काहीजण 50 ठेवतात. पण मग त्या सुधारणाही आपोआप येत नाहीत, आणि सुरक्षेच्या दृष्टीने मला ते पटत नाही. एक्सपेरिमेंटल, म्हणजे प्रायोगिक पॅकेजांच्या शाखेचे प्राधान्य मुळातच 1 असल्याने तिला वेगळी पिन, म्हणजे प्राधान्याची अशी नोंद, लागत नाही.

पॅकेज घेताना ‘-टी अनस्टेबल’ लिहिल्यास त्या आदेशापुरते सिडचे प्राधान्य 990 होते आणि ते ज्यांवर अवलंबून असते ती पॅकेजेही तिकडून ओढली जातात. त्यापेक्षा पॅकेजच्या नावाला ‘/अनस्टेबल’ जोडावे. प्रत्यक्ष स्थापनेपूर्वी ‘-एस’ लावून रंगीत तालीम करावी, आणि यादीत ‘लिबसी6’ (जवळजवळ सारे प्रोग्राम ज्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) दिसल्यास थांबून बॅकपोर्ट्समध्ये, म्हणजे स्थिर आवृत्तीसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजांच्या संग्रहात, आपल्याला हवे ते पॅकेज आहे का ते पाहावे.